वहीतला घसारा आणि चाकाखालची झीज

हिशेबाच्या वहीत ‘घसारा’ हा शब्द आपण इतक्या वेळा लिहितो, की त्याचा मूळ अर्थ विसरायला होते. घासून घासून जे कमी होते, तो घसारा. आयकराच्या नियमांनुसार व्यवसायातील मोटारीवर घटत्या शिलकीवर दरसाल १५ टक्के घसारा धरला जातो. पाच लाखांना घेतलेली गाडी दरवर्षी पूर्ण दर लावल्यास दहा वर्षांनी वहीत साधारण ९८,४०० रुपयांची उरते. त्यापलीकडे वही काही सांगत नाही. त्याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागचा रबरी बुश फाटला आहे, किंवा स्टिअरिंगचा सांधा सैल होऊन खेळू लागला आहे, हे कोणत्याही ताळेबंदात उमटत नाही. मोटारविम्याचे कोष्टक थोडे अधिक जाणते. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात अपघातानंतर बदललेल्या रबरी, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर गाडी नवी असली तरी ५० टक्के घसारा कापला जातो. धातूचे भाग मात्र त्या पायरीवर यायला दहा वर्षे ओलांडावी लागतात. रबर लवकर म्हातारे होते, हे विमेवाल्यांना पुरते ठाऊक आहे. आणि केवळ झीज म्हणून बिघडलेला भाग तर विम्याच्या कक्षेतच येत नाही. तो सर्वस्वी मालकाच्या नावे पडतो.

बँकेत असताना जुन्या वाहनांवरील कर्जप्रस्तावांसोबत येणारे मूल्यांकनाचे अहवाल मी वर्षानुवर्षे वाचले. रंग, पत्रा, टायर, इंजिन यांना त्यांत स्वतंत्र रकाने असत. सस्पेन्शनसमोर बहुधा एकच शब्द लिहिलेला असे : ‘समाधानकारक’. कोणाचे समाधान, आणि ते कशावरून झाले, याचा खुलासा नसे.

एपीएमसी मार्केटात ज्यांची पेढी आहे, त्यांनी या रकान्याकडे अधिक बारकाईने पाहावे असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये हलला, पुढे मसाला व धान्य बाजार आले, आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळेही आली. पेढ्या इकडे आल्या, पण पुष्कळांची घरे घाटकोपर, मुलुंड, माटुंगा येथेच राहिली. त्यामुळे गाडीचा दिवस दोन तुकड्यांत विभागला जातो. पूल आणि महामार्गावर ती वेगाने धावते. बाजाराच्या आवारात शिरली की ट्रकच्या चाकांनी पाडलेले चर, खचलेले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यात पाण्याने भरलेले व खोली न कळणारे खड्डे, आणि जागोजागी गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, अंगाने गोलसर उताराचा असावा; ताशी २५ किलोमीटर वेगाने तो विनासायास ओलांडता यावा. प्रत्यक्षात आपल्या वाट्याला येतात ते हातभर रुंदीचे उंचवटे. त्यांवर चाक चढत नाही, आदळते.

त्यात व्यापारी घरांची एक रीत आहे. नवी गाडी घरच्यांसाठी, जुनी पेढीसाठी. म्हणजे सर्वांत वाईट रस्ता सर्वांत जुन्या गाडीच्या वाट्याला येतो. मागच्या आसनावर नमुन्याच्या पिशव्या, डिकीत पन्नास किलोचा एखाद-दुसरा कट्टा, एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या, हे तिचे रोजचे ओझे. शिवाय खाडीकाठची खारी हवा लोखंडाला खाते ती वेगळीच. आणि मग एखाद्या रविवारी घरातला तरुण मुलगा तीच गाडी घेऊन अटल सेतूवर जातो, जेथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. बाजारात ताशी दहाच्या वेगात ‘खट्’ एवढाच आवाज करणारा सांधा त्या वेगात निखळला, तर चाक कोणत्या दिशेला वळेल हे चालवणाऱ्याच्या हातात उरत नाही.

सस्पेन्शनबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो आधी दूर करू. शॉक-ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलतो असे अनेकांना वाटते. वजन पेलते ती स्प्रिंग. छोट्या मोटारींत गुंडाळीची, ओम्नीसारख्या गाडीत मागे पाट्यांची. शॉक-ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगचे हेलकावे आवरण्याचे. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते आणि त्यात हेलकाव्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. म्हणून गाडी एका बाजूला बसली असेल तर दोष स्प्रिंगकडे शोधावा, आणि खड्ड्यानंतर होडीसारखी झुलत राहत असेल तर शॉक-ॲब्सॉर्बरकडे. तिसरे काम चाकाला जागेवर धरून ठेवण्याचे. ते लोअर आर्म करतो. त्याचे एक टोक रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे बॉल जॉइंटने चाकाच्या बाजूला जोडलेले असते. स्टिअरिंगची आज्ञा चाकापर्यंत टाय-रॉड नेतो. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा एक पिळाचा दांडा असतो, आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या दोन लहान लिंक रॉड.

आज आपल्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना जी रचना असते, ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५० च्या सुमारास फोर्डने ती इंग्लंडमधील गाड्यांत आणली. स्प्रिंग आणि शॉक-ॲब्सॉर्बर एकाच खांबात बसवल्यामुळे भाग कमी झाले, जागा वाचली, आणि आपल्याकडे मारुती ८०० सारखी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येण्यास त्या काटकसरीचाही हातभार लागला. पण भाग कमी झाले की प्रत्येकावरची जबाबदारी वाढते. पेढीवर माणसे कमी केली की उरलेल्यांचे जे होते तेच.

आता तपासणी. पहिली पायरी इतकी साधी आहे की गॅरेजवाल्याला ती सांगायची लाज वाटते : गाडी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, जादा चाक, नमुन्यांचे डबे, आसनाखाली गेलेली वजने, सगळे बाहेर काढा. मसाला बाजारातील एका परिचितांच्या गाडीची खडखड डिकीतल्या जादा चाकाचा पेच आवळल्याबरोबर थांबली. त्या आवाजासाठी त्यांना लोअर आर्म बदलण्याचा सल्ला मिळालेला होता.

रिकाम्या गाडीतून आवाज येतच राहिला, तर तो कोणता आणि कधी येतो हे दोन-चार दिवस कागदावर टिपून ठेवावे. कारागिराला ‘आवाज येतो’ एवढेच सांगणे म्हणजे लेखापरीक्षकाला ‘हिशेब जुळत नाही’ एवढेच सांगण्यासारखे आहे. लहान लहान खाचखळग्यांवर एका बाजूने हलकी खडखड येत असेल, तर बहुतेकदा लिंक रॉड किंवा पिळाच्या दांड्याचे बुश. मोठ्या खड्ड्यात ‘धब्’ असा जड आवाज आला, तर शॉक-ॲब्सॉर्बर संपलेला किंवा त्याच्या वरचे रबरी माउंटिंग बसलेले. ब्रेक लावताना किंवा क्लच सोडून निघताना एकदाच ‘टक्’ झाले आणि गाडी किंचित एका अंगाला ओढली गेली, तर लोअर आर्मचा बुश. फाटलेला बुश आर्मला पुढे-मागे सरकू देतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर येत असेल, तर खांबाच्या माथ्याचे बेअरिंग किंवा कोरडा पडलेला बॉल जॉइंट.

दोन आवाज मात्र सस्पेन्शनच्या खात्यावर चुकून टाकले जातात. स्टिअरिंग पूर्ण वळवून वेग देताना येणारी ‘कट्-कट्’ ही मालिका चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याची असते. आणि वेगाबरोबर वाढत जाणारा, वळणावर कमी-जास्त होणारा एकसुरी घुमारा चाकाच्या बेअरिंगचा. ताशी ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल, तर सर्वांत आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासून घ्यावे. तो खर्च सर्वांत कमी असतो.

आवाजाने अंदाज येतो, खात्री येत नाही. खात्रीसाठी हात लावावा लागतो. सपाट जागी, हवेचा दाब योग्य असताना, टेप घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. एकाच आसावरील डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक दिसला, तर स्प्रिंग बसली किंवा तुटली असण्याची शक्यता असते. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा सर्वांना माहीत आहे. त्या परीक्षेत नापास झालेला शॉक-ॲब्सॉर्बर नक्की गेलेला असतो, पण उत्तीर्ण झालेला चांगलाच असतो असे नाही. मॅकफर्सनच्या खांबात घर्षण इतके असते की अर्धा संपलेला शॉकही हाताच्या दाबाला टिकून राहतो. त्यापेक्षा विजेरी घेऊन खांबाकडे पाहावे. तेलाचा पातळ, धूळ बसलेला ओलसरपणा चालेल. तेल ओघळून खाली उतरले असेल तर तो शॉक संपला.

टायर तर बोलका साक्षीदार आहे. पट्ट्यावर तळहात आडवा-उभा फिरवावा. केवळ आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल, तर चाकाचा कोन बिघडलेला आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा सतत कमी राहिली. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर उड्या मारत चालले आहे आणि शॉक-ॲब्सॉर्बर ते आवरत नाही. टायर बदलून हे पुरावे पुसण्याआधी ते नीट वाचावेत.

यापुढची तपासणी दोन माणसांची, आणि शक्यतो गॅरेजमधली. घरी करायची असेल तर एक अट विनातडजोड पाळावी : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. भक्कम स्टँड हवेत, आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना ओंडके.

पुढचे चाक उचलल्यावर त्याला घड्याळाच्या बारा आणि सहा या जागी धरून आत-बाहेर हलवावे. खेळ जाणवला, तर तो बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा, हा प्रश्न पडतो. उत्तर सोपे आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्म. नंतर नऊ आणि तीन या जागी धरून हलवावे. येथला खेळ बहुधा टाय-रॉडच्या टोकाचा किंवा स्टिअरिंग रॅकचा. हाच दोष चाके जमिनीवर असताना अधिक स्पष्ट होतो. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडेथोडे हलवत राहावे, दुसऱ्याने टाय-रॉडच्या सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्याला न दिसणारा झटका बोटांना लागतो.

लिंक रॉडच्या बाबतीत अनुभवी कारागीरही फसताना मी पाहिले आहेत. एकच चाक उचलले की पिळाचा दांडा ताणला जातो, आणि त्या ताणाखाली सैल लिंकही घट्ट वाटते. दोन्ही चाके जमिनीवर किंवा दोन्ही हवेत असतानाच ती हलवून पाहावी. इनोव्हासारख्या मोठ्या गाडीत पुढे दुहेरी आर्म असून स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो. तेथे जॅक सांगाड्याखाली लावला तर बॉल जॉइंट स्प्रिंगच्या जोराने दाबलेला राहतो आणि त्याचा खेळ लपतो. जॅक खालच्या आर्मखालीच लावावा लागतो. मागच्या बाजूला पाटे असतील तर प्रत्येक पान तडा शोधत पाहावे, मधला बोल्ट व टोकांचे बुश तपासावेत. दोन पानांमधून नवा, लालसर गंज सांडलेला दिसला तर तेथे हालचाल होते आहे असे समजावे.

बॉल जॉइंट आणि टाय-रॉडच्या टोकांवर एक छोटी रबरी टोपी असते. सबंध सस्पेन्शनमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच क्षुल्लक वस्तू. ती चिरली की आतले ग्रीस बाहेर येते, पावसाचे पाणी आणि बारीक वाळू आत जाते, आणि अनेक वर्षे टिकणारा सांधा एखाद्या पावसाळ्यात खलास होतो. इंजिनातून गळणारे तेल बुशवर ठिबकत असेल तर तेही रबराला फुगवून कुजवते. अशा वेळी गळती थांबवल्याशिवाय नवा बुश बसवणे म्हणजे बुडीत खात्यात नवे कर्ज घालणे.

गेल्या वर्षी सुकामेव्याच्या एका व्यापाऱ्याच्या चौदा वर्षे जुन्या वॅगन-आरचे अंदाजपत्रक मला दाखवण्यात आले. दोन्ही खांब, दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक, शिवाय चार टायर. रक्कम पाच आकडी, आणि गाडीच्या पुस्तकी किमतीच्या निम्म्याहून अधिक. मालक गाडी विकून टाकण्याच्या विचारात होते. वर सांगितलेली तपासणी दुसऱ्या कारागिराकडून शांतपणे करून घेतल्यावर खडखड डाव्या लिंक रॉडची निघाली. पण त्याच तपासणीत उजव्या टाय-रॉडच्या टोकाला स्पष्ट खेळ सापडला, जो मुळीच आवाज करत नव्हता आणि पहिल्या अंदाजपत्रकात कोठेच नव्हता. म्हणजे लांबलचक यादीतूनही नेमकी जीवावर बेतणारी वस्तू सुटली होती. पहिला गॅरेजवाला लबाड होता असे मी म्हणणार नाही. अंदाजाने भाग बदलत जाण्यात त्याचा वेळ वाचतो, आणि त्याची किंमत ग्राहक देतो, इतकेच. आपणही ‘काय ते बघून टाक, संध्याकाळपर्यंत दे’ असे सांगून निघून येतो.

क्रमाचाही विचार हवा. टाय-रॉडला किंवा बुशला खेळ असताना अलाइनमेंट करून घेणे निरर्थक आहे. कोन यंत्रावर जुळतो आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो. आधी खेळ काढावा, सुटे भाग बदलावेत, मग अलाइनमेंट, आणि टायर घ्यायचे असतील तर त्याच वेळी. शॉक-ॲब्सॉर्बर व स्प्रिंग एका आसावर जोडीनेच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना दोन बाजू वेगळ्या वागतात.

नवा बुश तीन महिन्यांत फाटला, अशी तक्रार बाजारात वारंवार ऐकू येते आणि दोष सरसकट ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्यत्र सुटे भाग घेताना नकली माल गळ्यात पडू शकतो, हे खरेच. पण पुष्कळदा कारण बसवण्यात असते. गाडी हवेत असताना चाक खाली लोंबते आणि आर्म खालच्या कोनात जातो. त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. त्यावर रोजच्या खड्ड्यांचे हिसके. बोल्ट हलके लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर शेवटचे आवळावेत, ही खरी पद्धत. काम देताना हे एक वाक्य कारागिराला आवर्जून सांगावे. ज्याला ते आधीच माहीत असते तो हसतो, आणि त्या गॅरेजचा पत्ता जपून ठेवण्यासारखा असतो.

खर्चाच्या नोंदीविषयी थोडे. सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. माणसांच्या वाहतुकीच्या खासगी मोटारीवरील दुरुस्तीच्या कराचे क्रेडिट सर्वसाधारणपणे पेढीला घेता येत नाही, मालवाहू वाहनावरील घेता येते. तरीही पक्के बिल घ्यावेच, कारण भागाची हमी त्याच कागदावर उभी असते. काढलेले जुने भागही मागून घ्यावेत. भंगाराला त्यांचे मोल नाही, पण हातात घेऊन हलवले की आपण कशाचे पैसे दिले ते कळते. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर आरटीओतील पुनर्नोंदणीच्या तपासणीपूर्वीच हे सर्व उरकावे.

दुरुस्तीनंतर गाडी रिकामीच घेऊन त्याच गतिरोधकांवरून, त्याच वेगाने एकदा फिरवून आणावी. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर राहते का, हात सैल सोडल्यास गाडी कोणत्या अंगाला जाते, हे पाहावे. साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. गाडीच्या कागदपत्रांत एक छोटी वही ठेवून तारीख, किलोमीटरचा आकडा, बदललेला भाग, बाजू आणि बसवणाऱ्याचे नाव एवढे पाच रकाने भरावेत. बाजू लिहायला विसरू नये, कारण दोन वर्षांनी प्रश्न नेमका तोच पडतो : डावी बदलली होती, की उजवी?